गाडी उंच करायची की रस्ता?

पोखर्णी गाव परभणी–गंगाखेड रस्त्यावर आहे. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्याला डांबरी रस्ता आहे, रेल्वेचे स्टेशनही आहे. खरी अडचण सुरू होते ती डांबर सोडून शिवारात वळल्यावर. दोन चांगले पाऊस झाले की आपली काळी जमीन फुगते. चिखल टायरला असा चिकटतो की खाचे बुजून जातात आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहते. मग ट्रॅक्टर शोधा, दोर लावा, चार माणसे बोलवा. सोयाबीनची पोती गाडीत, आणि गाडी गाळात!

असे दोन-तीनदा झाले की मनात एकच विचार येतो, "गाडी थोडी उंच करून घ्यावी." पिकअप असो, जुनी जीप असो, गॅरेजवाला लगेच उपाय सांगतो. एक म्हणतो, बॉडी उचलू. दुसरा म्हणतो, कमानी वाढवू. दोघेही खोटे बोलत नाहीत. पण तुमची गाडी नेमकी कशाने अडते हे त्यांनी विचारलेले नसते, आणि पैसे मोजण्याआधी हाच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे.

दोन प्रकार, दोन कामे

पहिला प्रकार बॉडी लिफ्ट. चासी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवायचे, लांब बोल्ट टाकायचे आणि बॉडी वर उचलायची. ज्या गाडीला वेगळी चासी आहे तिलाच हे जमते. जीप, पिकअप यांना जमेल, साध्या कारला नाही. यात चासी, इंजिन, गिअरबॉक्स, कमानी सगळे होते तिथेच राहते. उंच होतो तो फक्त वरचा डोलारा. फायदा एवढाच की मडगार्डखाली मोठा टायर बसायला जागा होते. खर्च त्यामानाने कमी येतो आणि कमानींची मूळ ठेवण बिघडत नाही. पण स्टिअरिंगची दांडी, गिअरचा दांडा, डिझेल भरायची नळी, रेडिएटर आणि पंख्याची जुळणी हे सगळे पुन्हा नीट बसवावे लागते. ते न करता नुसते ठोकळे ठोकून दिले तर महिन्याभरात काहीतरी घासायला लागते.

दुसरा प्रकार सस्पेन्शन लिफ्ट. यात जास्त कमानदार पाटे, लांब शॅकल आणि लांब शॉकअप टाकून चासीच वर घेतात. चासीबरोबर इंजिनचा चेंबर, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी हे सगळे वर येते. नाल्याच्या काठावर, बांधावर, दगडावर पोट टेकणारी गाडी यामुळे सुटते. हा फायदा खरा आहे. पण आखापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकची नळी ताणली जाते. स्टिअरिंगचे रॉड तिरपे होतात आणि गाडी रस्त्यावर हात मागते. काही पिकअपमध्ये मागच्या आखाजवळ वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चासी उंच झाली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी भरलेली, उतार समोर, आणि मागचा ब्रेक अर्धा! म्हणून हा व्हॉल्व्ह पुन्हा लावून घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.

आपल्याकडे तिसरा एक प्रकार सर्रास चालतो, तो म्हणजे जुन्या कमानीत दोन पाटे वाढवणे. याने गाडी उंच दिसते आणि कडक होते. पण गाडीची वजन वाहण्याची कायदेशीर मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. आखाची, ब्रेकची आणि टायरची ताकद तेवढीच राहते.

बैलगाडीचा धडा

आता मुख्य मुद्दा. काळ्या चिखलात गाडी अडते कशाने? चाकोरी खोल होते, दोन्ही चाके तिच्यात उतरतात आणि मधला उंचवटा मागच्या आखाच्या गोळ्याला लागतो. गोळा नांगरासारखा माती ओढू लागतो आणि गाडी बसते. हा गोळा बॉडी लिफ्टने वर येत नाही, आणि सस्पेन्शन लिफ्टनेही येत नाही. कारण तो आखावर आहे, आणि आख चाकावर आहे.

ही गोष्ट समजायला इंजिनिअर लागत नाही. आपल्या बैलगाडीकडे बघा. साटा कितीही उंच बांधला तरी आख तिथेच राहतो. आख वर न्यायचा तर चाकच मोठे हवे. आपल्या वाडवडिलांनी मोठी चाके हौसेखातर केली नव्हती. मोटारगाडीलाही हाच न्याय आहे. टायर २ इंच मोठा बसवला तर आख १ इंच वर येतो, कारण वाढलेल्या उंचीचा अर्धाच भाग आखाच्या खाली पडतो. म्हणजे ४ इंच गाडी उचलूनही तुमच्या गोळ्याखाली मिळतो तो मोठ्या टायरने दिलेला इंचभरच. आणि टायर मोठा झाला की इंजिनची ओढ कमी होते, ब्रेकवर ताण येतो आणि मीटर खरा वेग दाखवत नाही.

दुसरी गोष्ट. बहुतेक पिकअपची ओढ मागच्या दोन चाकांवर असते. रिकाम्या पिकअपचे वजन पुढे असते, मागचे चाक हलके पडते आणि गुळगुळीत चिखलात नुसते गरगर फिरते. अशी गाडी उंचीअभावी अडलेली नसते, तिला पकड मिळत नसते. तिला उचलून काही उपयोग नाही. मागच्या आखावर थोडे वजन, खोल खाच्यांचे चांगले टायर आणि वेळीच रोखलेला हात, हे त्यावरचे उपाय. चिखलात टायरची हवा थोडी उतरवली तर पकड वाढते हे खरे. पण गाडी भरलेली असताना ते करू नका, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरा.

उंचीची किंमत

गाडी उंच केली की ती उलटायलाही सोपी होते. साधा हिशेब मांडून बघू. समजा, दोन चाकांतले अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि माल भरल्यावर गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून १००० मिलिमीटरवर आहे. अशी उभी गाडी साधारण ३५ अंश कलल्यावर उलटेल. हाच मध्य १०० मिलिमीटरने, म्हणजे ४ इंचांनी वर गेला तर ती ३२ ते ३३ अंशांतच उलटेल. अडीच अंश म्हणजे फार नाही असे वाटेल. पण हा हिशेब उभ्या गाडीचा आणि कडक जमिनीचा आहे. चालत्या गाडीत, वळणावर, एका बाजूचा ओला बांध खचत असताना तेवढाच फरक माणसे वाचवतो किंवा मारतो. आणि आपल्याकडे पिकअपमध्ये माल असतो, मालावर मजूर बाया बसलेल्या असतात. तेव्हा उंचीचा निर्णय हा एकट्या मालकाचा निर्णय राहत नाही.

कायद्याची बाजूही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड भरून माणूस मोकळा होतो. पण अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा अडवायला कारण मिळते, आणि मग भरपाईचा बोजा सातबाऱ्यावर येऊ शकतो. म्हणून टायरचे मापसुद्धा बदलायचे असेल तर आधी परभणीच्या आरटीओ कार्यालयात विचारा. "सगळेच करतात" हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

मग निवड कशी करायची?

पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली वाका. गोळ्यावर ओरखडे आहेत का टाकीवर, चेंबरवर आहेत ते बघा. फक्त गोळ्यावर असतील तर दोन्ही लिफ्ट तुमच्या कामाच्या नाहीत. ओरखडे चासीवर, चेंबरवर असतील तर आधी जुन्या कमानी बसल्या आहेत का ते तपासा. पुष्कळदा बसलेले पाटे बदलून कंपनीच्या मापाचे टाकले की गेलेली उंची परत मिळते, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ओरखडे कुठेच नाहीत आणि तरी गाडी रुतते? मग दोष टायरचा, वजनाचा किंवा रस्त्याचा आहे.

आणि रस्त्यावरच यायचे आहे. एका पाणंदीवर वीस शेतकरी असतील तर वीस जणांनी वीस गाड्या उचलायच्या, की मिळून एक रस्ता उचलायचा? काळ्या मातीवर काळ्याच मातीचा भराव टाकून रस्ता होत नाही. तो पहिल्या पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. वरची काळी माती काढा, मुरूम टाका, पाणी मारून रोलर फिरवा, मधला भाग उंच ठेवा, दोन्ही बाजूंना चर काढा आणि ओघळ असेल तिथे नळ्या घाला. यातला चर सगळ्यात स्वस्त, आणि आपण नेमका तोच बुजवतो. कारण बांधाकडचे तास वाढवायचे असते!

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यासाठीही दोन शब्द. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावे लागते. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मे २०२५ च्या निर्णयाने शेतरस्ता ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असे ठरले. ही नोंद झाली का, हे शेतकऱ्याने विचारण्याची वाट पाहू नका. ग्रामसभेत यादीच वाचून दाखवा.

गाडी उचलायची की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवायचे आहे. मात्र २०२४ आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आठवा. तसा पाऊस आला की चार इंच उचललेली गाडीही उभीच राहते. तेव्हा गॅरेजला विसार देण्याआधी एकदा आपल्या पाणंदीवरून पायी चालत जा. जिथे चप्पल रुतते तिथे कुदळ हवी आहे.