चट्टीचे शहाणपण

वैशाखाच्या उन्हाने सोलापूरचे पत्रे तापू लागले, की घरोघरी थंड हवेच्या गप्पा सुरू होतात. महाबळेश्वर आता अंगणातले वाटते. मध्यमवर्गीय कुटुंबांनी कुलू-मनाली, काश्मीर, लेहपर्यंत मजल मारली आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपला देश आपल्या डोळ्यांनी पाहावा, यासारखे शिक्षण दुसरे नाही. मात्र त्यासाठी आपण जी आखणी करतो, ती पाहिली की मनात काळजी दाटते.

माझी थोरली बहीण रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावी दिली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबे मे महिन्यात मनालीला गेलो. आठ दिवस, सात रात्री आणि एकोणीस 'पॉइंट' असा कार्यक्रम होता. पोहोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे आम्हाला रोहतांगला नेण्यात आले. जन्मभर समुद्राच्या पातळीवर राहिलेले, रोज नेमाने चालणारे माझे बासष्ट वर्षांचे भावोजी तेथे उतरले आणि तासाभरात डोके धरून बसले. ओकारी, धाप, लटपटणारे पाय. आमचा चालक पहाडी माणूस होता. त्याने कोणाचे मत विचारले नाही. गाडी वळवली आणि थेट खाली आणली. उतरता उतरता भावोजींचा चेहरा पूर्ववत झाला. त्या चालकाला जे ठाऊक होते, ते आमच्या गुळगुळीत कार्यक्रमपत्रिकेत कोठेही छापलेले नव्हते.

रोहतांगची उंची ३,९७८ मीटर आहे. तेथे हवेचा दाब इतका उतरतो, की एका श्वासात समुद्रकाठी मिळतो त्याच्या साठ-बासष्ट टक्केच प्राणवायू पदरात पडतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. तरुण असणे वा व्यायामाची सवय असणे हे त्यावरचे कवच नव्हे. साधारण अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश सुरू होऊ शकतो. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला किंवा तोल जाऊ लागला, तर तत्काळ खाली उतरणे हाच खरा उपचार. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे.

आपल्या पूर्वजांना हे आकडे माहीत नव्हते. पण व्यवस्था माहीत होती. हृषीकेशहून केदार-बदरीकडे पायी निघालेला यात्रेकरू 'चट्टी' या छोट्या मुक्कामांवर थांबत, रोज थोडे थोडे चढत जाई. केदारनाथची साडेतीन हजार मीटरची उंची त्याचे शरीर अनेक दिवसांत गाठत असे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी, ज्यांचे नाव २०१९ पासून आपले सोलापूर विद्यापीठ अभिमानाने मिरवते, त्यांनी केदार-बदरीपर्यंत धर्मशाळा उभारल्या. वाटसरूला थांबायला छप्पर आणि प्यायला पाणी लागते, हे त्या राज्यकर्तीने जाणले होते. त्या यात्रेत हाल होते, साथीचे रोग होते. तिचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. परंतु रस्ते आणि हेलिकॉप्टर आले, तेव्हा आपण हालांबरोबर थांबण्याचे शहाणपणही टाकून दिले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नोकरदाराला रजा आठ-दहा दिवसांची; त्यात सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठायलाच एक दिवसाहून अधिक जातो. मग सारे पाहून घेऊ नये काय? माझे म्हणणे असे, की दिवस थोडे आहेत म्हणूनच ठिकाणे थोडी हवीत. एकच दरी निवडावी. कुलू सुमारे बाराशे मीटरवर, नग्गर अठराशेच्या आसपास, मनाली दोन हजारांच्या थोडे वर. दोन दिवस कुलूत, दोन-तीन नग्गरला, मग मनाली आणि सर्वांत शेवटी, प्रकृती साथ देत असेल तर, २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून लाहौलचे दर्शन. आधुनिक चट्ट्या त्या याच.

हंगामाचाही विचार हवा. शाळांच्या सुटीमुळे सारा महाराष्ट्र मे महिन्यातच डोंगरात लोटतो. पावसाळ्यात तर जाऊच नये. जून २०१३ मधील केदारनाथ, जुलै २०२३ मधील बियास नदीचा कोप आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी धरालीवर कोसळलेला लोंढा विसरण्याजोगे नाहीत. ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत, त्यांनी आश्विनात जावे. देशभरचा दसरा संपतो त्या विजयादशमीला कुलूचा दसरा सुरू होतो. गावोगावच्या देवता पालख्यांतून ढालपूरच्या मैदानावर रघुनाथजींच्या भेटीला येतात आणि सोहळा आठवडाभर चालतो. आषाढीला पालख्या पंढरीत उतरताना पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

सामान बांधतानाही आपली हवा विसरावी लागते. कोकणातल्या माणसाला दमटपणाची सवय. पहाडातील कोरड्या हवेत तहान लागत नाही आणि तो पाणी पिणे विसरतो. आमची सोलापुरी चादर कितीही लाडकी असली, तरी सुती कापड भिजले की ऊब देत नाही. तेथे लोकरच हवी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र जरूर न्यावी.

काश्मीरविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरण कुरणात दहशतवाद्यांनी धर्म विचारून माणसे मारली. २६ जणांत आपल्या महाराष्ट्राचे सहा होते. पर्यटकांसाठी पुढे सरसावलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. ते खोरे आपले आहे आणि तेथे जाण्याचा आपला हक्क कोणी हिरावू शकत नाही. पण हक्क बजावणे म्हणजे बेसावध असणे नव्हे. प्रशासनाने खुली ठेवलेली ठिकाणे, त्या आठवड्यातील परिस्थिती आणि घरच्यांची तयारी पाहूनच निर्णय घ्यावा. शौर्याच्या आवेशात वृद्ध आईवडिलांना ओढून नेऊ नये आणि न जाणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

यंदा भाच्याने पुन्हा आखणी केली आहे. त्याच्या कागदावर दिल्लीहून विमानाने थेट लेह, म्हणजे एका तासात साडेतीन हजार मीटर. "मामा, बाबांना आता काही होत नाही," तो म्हणतो. मी कागदावरील अकरा नावे खोडली, नग्गर ठेवले. भावोजींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "तिथे नुसते बसता येईल ना?"

त्या प्रश्नाला 'हो' म्हणता येईल, अशीच आखणी प्रत्येक घराने करावी.