अव्यवस्थेचा नियम आणि राबणारे हात

स्मरणिका वाचकांच्या हाती देताना एका शब्दाविषयी आम्हांस लिहावेसे वाटते. रुडॉल्फ क्लॉसिअस यांनी १८६५ मध्ये भौतिकशास्त्राला 'एन्ट्रॉपी' ही संज्ञा दिली. आज ती सर्वतोमुखी झाली आहे. पतिपत्नींच्या नोकरीच्या वेळा जुळत नाहीत, मुलांना मराठीत विचारले तर उत्तर डचमध्ये येते, एकत्र जेवण रविवारपुरते उरते. आणि सुशिक्षित गृहस्थ निश्चिंतपणे सांगतात, विश्वाचा नियमच आहे, अव्यवस्था वाढतच जाणार!

नियम खरा, पण सांगितला जातो अर्धाच. बाह्य जगाशी ज्या व्यवस्थेची कसलीही देवाणघेवाण नाही, तिच्यापुरते ते विधान आहे. हे कळण्यासाठी डीमनच्या रहिवाशाला ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. शेजारचे वॉटरग्राफ्समेअर हे एके काळचे तळे. १६२९ मध्ये ते उपसून कोरडे केले, १६५१ मध्ये बांध फुटून ते पुन्हा बुडाले, पुन्हा उपसले गेले. ती भूमी आजही समुद्रसपाटीच्या पाच मीटरहून अधिक खाली आहे. पंप कायमचे थांबले तर तळे परत येईल.

व्यवस्था राखता येते. मात्र फुकट नव्हे. फ्रीज आतून थंड राहतो तो मागल्या बाजूने उष्णता बाहेर टाकूनच. लायडनच्या प्रयोगशाळेत १० जुलै १९०८ रोजी उणे २६९ अंशांना हेलियमचा द्रव झाला. कामरलिंग ओनेस यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले, ते योग्यच. पण तेथील यंत्रे उभारणारे कारागीर गेरिट यान फ्लिम यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

व्यवस्था कोणाच्या श्रमावर उभी आहे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. गाव स्वच्छ राखण्याचा भार ज्यांच्यावर जन्माने लादला, त्यांनाच गावाबाहेर ठेवले गेले, आणि वर त्याला सृष्टीचा क्रम म्हटले गेले. जातीने केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले.

तोच प्रश्न आता स्वतःच्या घराला विचारावा. नोकरीवरून परतून उद्याचे डबे भरणारी, मुलांचा मराठीचा धडा घेणारी, मंडळाच्या भोजनाची भांडी घासणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिच्या थकव्याला आपण आधुनिक जीवनाची धावपळ असे गोंडस नाव देतो. पुढील कार्यक्रमापासून ही सर्व कामे सभासदांनी आळीपाळीने वाटून घ्यावीत, आणि यादीतील पहिली नावे पुरुषांची असावीत, अशी आमची सूचना आहे.