पाठ नसलेला नंबर

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायला नेलं. आमच्या राजगुरुनगरला रेल्वे नाही, त्यामुळे राणीच्या बागेपेक्षा लोकलचंच अप्रूप जास्त! दादरला उतरताना गर्दीच्या रेट्यात मी अन् धाकटी खाली आलो, ९ वर्षांचा लेक आतच राहिला. गाडी सुटलीसुद्धा. मी नुसती किंचाळत राहिले.

महिला डब्यातल्या एका मावशींनी त्याला पुढच्या स्टेशनवर उतरवून पोलिसांजवळ नेलं. मागच्याच लोकलने मी पोहोचले, म्हणून भेटला. नंबर विचारला तर त्याला सांगता आला नव्हता. येणार कसा? मोबाईलमध्ये मी नुसती ‘आई’!

बचतगटाच्या बैठकीत १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मी बायकांकडून घोकून घेते. १९९६ साली मुंबईतच सुरू झालेली. घरात मात्र दिव्याखाली अंधार.

मैत्रिणींनो, चिवडा-लाडू बांधून घेताना मुलांच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठीही घाला. ‘चुकामूक झाली तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांब’, हे निघण्याआधीच बजावा. आमच्याकडे आता पाढ्यांआधी नंबर म्हणतात. धाकटी अजून शेवटचे दोन आकडे उलटेच सांगते.