ई-फायलिंगनंतरचा गठ्ठा

तालुका न्यायालयांतून गेल्या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. ई-फायलिंग केले, पावती मिळाली. दुसऱ्या दिवशी खिडकीवर पहिला प्रश्न, ‘हार्ड कॉपी कुठे आहे?’

दावा संगणकावर टाइप होतो. पक्षकाराच्या सहीसाठी छापायचा, स्कॅन करायचा, पीडीएफ मर्यादेत बसेपर्यंत लहान करायची, अपलोड करायची. आणि पुन्हा प्रिंट काढून, गठ्ठा शिवून खिडकीवर न्यायचा. स्कॅनमुळे मजकुराचे चित्र होते, त्यात शब्द शोधता येत नाही. म्हणजे संगणकामुळे वाचला असता तो वेळही गेला. 60 पानांचा दावा आणि चार प्रतिवादी धरा : न्यायालयाची एक प्रत, समन्ससोबत चार, आपली एक. पाठकोरे छापले तर 360 कागद, 75 जीएसएमच्या हिशेबाने सुमारे पावणेदोन किलो. दोन्ही बाजूंनी छापले तर निम्मे. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2020 पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई लागू केली. आमच्या काही वाचकांकडे मात्र आजही पाठकोरीच प्रत मागितली जाते. कोणत्या नियमाने, याचे लेखी उत्तर कोणी देत नाही.

ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 2,038 कोटी अभिलेखांचे स्कॅनिंग आणि जतन यासाठी आहेत. एकीकडे गठ्ठे स्कॅन करायला हा पैसा आणि दुसरीकडे रोज नवे गठ्ठे! हे तातडीने थांबले पाहिजे.

कागदाशी आमचे वैर नाही. मृत्युपत्र, मूळ खरेदीखत कागदावरच हवे. उलटतपासणीच्या वेळी जबाब समोर पसरून समासात खूण करण्याची सोय पडद्यावर नाही. शिवाय पडदाही निर्मळ नाही : 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या 22.3 टक्क्यांचीच आहे. लॅपटॉपपायी होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच पडतो, म्हणून घेतलेला लॅपटॉप दुरुस्त करून शक्य तितकी वर्षे वापरावा. पण आज एकाच दाव्यावर यंत्राचा आणि कागदाचा, दोन्ही बोजे पडत आहेत.

आपण वकीलही यात मागे आहोत. डिजिटल सहीचे टोकन कित्येकांच्या खणात पडून आहे, आडवी-उलटी पाने तशीच अपलोड होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 9(3) मध्ये ई-मेलने समन्स बजावण्याची वाट आहे, तरी वादपत्रात प्रतिवादीचा ई-मेल लिहिण्याची तसदी किती जण घेतात?

प्रत्येक वकील संघाने याच महिन्यात ठराव करावा : न्यायालयाने लेखी मागितल्याशिवाय हार्ड कॉपी नाही, आणि मागितली तर दोन्ही बाजूंनी छापलेली. सोबत आपल्या एका दाव्यात लागलेले कागद मोजून आकडा आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात तालुकावार तक्ता करून तो आम्ही प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवणार आहोत.