बोक्याची लघवी अडली तर

बैलाची लघवी अडली तर ती ओळखायला आपल्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. बैल पाय ताणून उभा राहतो, शेपटी उचलून कुंथतो, थेंब थेंब येते किंवा तेवढेही येत नाही. घरातला जाणता माणूस लगेच म्हणतो, मूतखडा अडकला, डॉक्टरला बोलवा. पण हाच आजार त्याच घरातल्या बोक्याला झाला तर तीन-चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. आणि पूर्ण अडलेल्या बोक्यापाशी बहुधा तेवढे दिवस नसतात.

मांजरासाठी कुठे दवाखाना असतो का, असे म्हणून काही वाचक हसतील. हसू द्या. ज्या घरात सोयाबीनचे अन् तुरीचे कट्टे थप्पीला लावलेले आहेत आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी कोपऱ्यात ठेवली आहेत, त्या घरात मांजर किती कामाचे असते हे उंदरांनी कुरतडलेला कट्टा उचलताना ध्यानात येते. शिवाय पोराबाळांचा जीव त्याच्यात गुंतलेला असतो, तो वेगळाच.

आधी आजार समजून घेऊ. बैलाची मूत्रनळी लांब असते आणि वाटेत तिला इंग्रजी 'एस'सारखे वळण असते. खडा बहुधा तिथेच अडतो. बोक्याच्या नळीला तसे वळण नाही, पण ती शेवटाकडे फार निमुळती होते. रेतीसारखे बारीक कण आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ मिळून त्या निमुळत्या जागी बूच बसते. मादीची नळी आखूड आणि रुंद असते, म्हणून तिला जळजळ झाली तरी लघवी सहसा पूर्ण अडत नाही. गाय आणि बैल यांत जो फरक, तोच इथे.

मांजराचे मूळ पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यामुळे ते पाणी मुळात कमी पिते आणि लघवी घट्ट करते. उंदराच्या अंगात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून शिकारीवर जगणाऱ्या मांजराचे भागून जाते. पण कोरडा तुकडा किंवा आता तालुक्याच्या दुकानातही मिळणारे गोळीखाद्य हेच ज्याचे जेवण, जो दिवसभर घरात लोळतो आणि अंगाने सुटला आहे, अशा बोक्याला हा त्रास जास्त होतो. दुसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल. तरुण मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक वेळा ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशयाला नुसती सूज असते, आणि तिला धास्ती हे मोठे निमित्त असते. घरात लग्नाची गर्दी, नवा कुत्रा, दुसऱ्या बोक्याशी रोजची भांडणे, घर बदलणे. म्हणून मेडिकलमधून जंतुनाशक गोळ्या आणून चारणे हा तरुण मांजरावर बहुतेक वेळा वायफळ खर्च होतो.

आता ओळखायचे कसे? अडचण अशी की गावचे मांजर लघवीला उकिरड्यावर नाहीतर परसात जाते, आपल्याला काही दिसत नाही. बोका राखेत किंवा मातीत वारंवार जाऊन बसतो, कुंथतो, कण्हल्यासारखा ओरडतो, शेपटीखाली सारखा चाटतो. कधी नेहमीची जागा सोडून अंथरुणावर नाहीतर चुलीपाशी दोन थेंब टाकतो, त्यात लाली असते. घरचे लोक म्हणतात, याला संडास होत नाही. इथेच दिवस वाया जातो.

शंका आली की एक साधे काम करा. एका घमेल्यात कोरडी बारीक माती किंवा गार राख भरा, शेजारी पाणी ठेवा आणि बोक्याला खोलीत बंद करा. घमेल्यात जाऊन तो पुन्हा पुन्हा कुंथतो आहे आणि दोन तासांनी माती कोरडीच आहे, की समजा लघवी अडली. थेंबभर ओल असली तरी निर्धास्त राहू नका. पोट हलक्या हाताने चाचपले तर मागच्या बाजूला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागतो. तो भरलेला मूत्राशय. दाबून लघवी काढू म्हणाल तर तो आत फुटेल.

यानंतर वेळ थोडा उरतो. लघवीवाटे जायची घाण रक्तात साठते, पोटॅशियम वाढते आणि त्याने हृदय बंद पडते. दिवस-दीड दिवसात बोका खाणे सोडतो, ओकतो, मग एका कोपऱ्यात गप्प पडून राहतो. ओरडणे थांबले म्हणून बरे वाटले असेल, असे समजू नका. बैलाचा मूत्राशय फुटला की त्याचेही कुंथणे थांबते आणि मालकाला हायसे वाटते, मग दोन दिवसांनी पोट पाण्याने फुगते. हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना गप्प पडण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

घरगुती औषधांबद्दल स्पष्टच लिहितो. एरंडेल पाजू नका. दुखणे पोट साफ होण्याचे नाही. गोखरूचा काढा लघवी वाढवतो म्हणतात, पण वाट बंद असताना लघवी वाढवून ती जाणार कुठे? बळजबरीने पाणी पाजण्याचेही तेच. बैलासाठी कोठ्यात ठेवलेला सोरा तर मुळीच देऊ नका. त्यात पोटॅशियमच असते, आणि बोका मरतो तो त्याच्याच वाढीने. दुखते म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देणारेही आहेत. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडासुद्धा मांजराला विष होतो, कारण ते औषध पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते आणि लघवीच्या आजाराआधी औषधानेच जीव जातो.

म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरकडे. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची बारीक नळी असेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. जनावरांच्या उपचारासाठी शासनाचा १९६२ हा क्रमांक आहे, तिथेही विचारता येईल. अकोल्याच्या आसपासच्या लोकांना स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ आहे. तिथल्या रुग्णालयात बैलापासून मांजरापर्यंत सगळी जनावरे येतात. नेताना झाकणाची टोपली घ्या, झाकण दोरीने बांधा, वारा लागू द्या. नुसते पोत्यात घालून मोटारसायकलवर नेऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. दुखणारे मांजर ओळखीच्या हातालाही चावते, तेव्हा जाड गोधडीत गुंडाळून उचला. चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचे विचारा. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असे नाही.

डॉक्टर भूल देतात, बारीक नळी आत घालून बूच धुऊन मागे ढकलतात, मूत्राशय मोकळा करतात आणि सलाईन लावतात. नळी एक ते तीन दिवस ठेवावी लागते, त्यामुळे बोका तिथे ठेवायला सांगितले तर घरी न्यायची घाई करू नका. पुन्हा पुन्हा अडत असेल तर नळीचा निमुळता भाग काढून तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रियाही होते.

लाल लघवी दिसली की प्रत्येक वेळी हाच आजार असे मात्र नाही. घरात किंवा वावरात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकल्या असतील आणि मांजराने तो उंदीर खाल्ला असेल, तर त्याचे रक्त गोठणे बंद होते. लघवीतून रक्त जाते, हिरड्या पांढऱ्या पडतात. वेळेवर गेलात तर यावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे, म्हणून वडीचे वेष्टन डॉक्टरला दाखवायला सोबत न्या. आणि म्हातारे मांजर अडण्याऐवजी उलट भरपूर पाणी पिऊन भरपूर मुतू लागले, वाळत चालले, तर ते मूत्रपिंडाचे नाहीतर मधुमेहाचे लक्षण. तेही दाखवावे, पण त्यात रात्रीची धावपळ नाही.

बरा होऊन आलेल्या बोक्याची लघवी पुन्हा अडू शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा पाणी दोन-तीन ठिकाणी, सावलीत, पसरट मातीच्या भांड्यात ठेवा आणि रोज बदला. दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी बोअरचे खारे पाणी न ठेवता घरची माणसे पितात तेच ठेवावे. खाणे ओले द्या: भाकरी कुस्करायचीच असेल तर मटणाच्या किंवा मासळीच्या नुसत्या उकळलेल्या पाण्यात. त्यात मीठ नको, आणि कांदा-लसूण तर नकोच, कारण त्याने मांजराचे रक्त बिघडते. घमेले कोपऱ्यात राहू द्या, त्यातली माती पहिले पंधरा दिवस रोज सकाळी पाहा, आणि ओल दिसली नाही तर संध्याकाळची वाट न पाहता टोपली काढा.