बिनउपयोगी आकडा

बँकेत चौतीस वर्षं आकडे जुळवले. त्यांच्याकडे निवांत पाहिलं ते निवृत्तीनंतरच. १४२८५७ हा घ्या. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. सातपट केली की ९९९९९९! वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून मिळवा, मूळ आकडा पुन्हा हजर.

अशा संख्या हुडकणारे द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ‘याचा उपयोग काय?’ म्हणत आपल्याच विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरनी त्यांच्यावर लिहिलं, मग आपल्याला कौतुक सुचलं. उपयोगाचा हा हट्ट मला कारकुनी वाटतो, आणि मी जन्मभर कारकुनीच केली आहे.

नातू आठपट करून आलाय : ११४२८५६. ‘आजोबा, पहिला एक उचलून शेवटी मिळवा ना!’