चुंबक लावून टाकी घेऊ नये

बिअरची जुनी टाकी सहसा वाया जात नाही. एका ब्रुअरीतून निघाली की दुसरीत जाते, नाहीतर सरबत, व्हिनेगर असल्या धंद्यात कामाला लागते. 2009 साली पुण्यात ‘डुलाली’ ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. त्यानंतर लहान टाक्यांनाही गिऱ्हाईक वाढले.

रायगडात तळोज्याला बिअरचा मोठा कारखाना आहे, तर रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने. पेण-रोह्यातला लहान उद्योजक जुनी टाकी शोधायला निघाला की दोन्हीकडचे स्टील त्याला सारखेच चकचकीत दिसते आणि भाव किलोवर ठरतो. घोळ इथेच होतो. आधी आत काय भरले जात होते, हे लेखी मिळाल्याशिवाय सौदा होऊच नये. रसायनाची टाकी कितीही घासली तरी खाण्यापिण्याच्या कामाला घेऊ नये, मग ती निम्म्या किमतीत का मिळेना.

भंगारवाला चुंबक लावून दाखवतो. पण 304 आणि 316 ही दोन्ही स्टेनलेस स्टीले चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत. फरक मॉलिब्डेनमचा: 316 मध्ये ते दोन-तीन टक्के असते, म्हणून क्लोराइडपुढे ते जास्त टिकते. पेणच्या खाडीकाठी, मिठागरांच्या हवेत, ही बाब किरकोळ नाही. 304 च्या टाकीला वेल्डिंगच्या कडेला सुईएवढी भोके पडू लागतात, आणि ती वेळीच दिसायला डाय टेस्ट करावी लागते. ब्लीचिंगच्या पाण्याने टाकी धुणारा तर हे संकट घरात बोलावून घेतो.

धुण्यातही जिवाला धोका आहे. आंबवल्यानंतर टाकीत कार्बन डायऑक्साइड उरतो. त्यावर झाकण बंद ठेवून कॉस्टिक सोडा फिरवला की सोडा तो वायू शोषून घेतो, आत निर्वात होते आणि चौरस मीटरला सुमारे दहा टन दाबाने बाहेरची हवा टाकी चेपते. निर्वात-झडप चालू आहे की जाम झालेली, हे विकत घेतानाच पाहावे.

हाच कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. आत उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 36 व्या कलमात अशा बंद जागेसाठी लेखी दाखल्याची अट होती. लहान शेडमध्ये मात्र माणूस दोरीशिवायही उतरवला जातो. टाकी स्वस्तात मिळाली म्हणून वाचलेले पैसे आधी तपासनिसावर आणि वायुमापकावर खर्च व्हायला हवेत, रंगरंगोटीवर नव्हे.